बरात अलीने सोडलेला नंबर

आमच्या काएन गावाच्या पंचक्रोशीत लग्न असो की मयत, चुलीपुढे उभा असायचा तो बरात अलीच. आचारी म्हणून त्याचं नाव मोठं होतं, पण त्याच्या पोटाचं नाव त्याहून मोठं होतं. दुंब्याच्या, म्हणजे जाड शेपटीच्या मेंढ्याच्या, शेपटीची चरबी निखाऱ्यावर भाजून, गरम रोटीत गुंडाळून तो उभ्या उभ्या खायचा आणि वर म्हणायचा, "आचाऱ्यानं चाखलं नाही, तर पाहुण्यानं कोणाच्या भरवशावर खायचं?" चाखता चाखता त्याचं एक जेवण उरकायचं. नंतर तो पंगतीला बसायचा ते वेगळं.

त्याची दुसरी खोड म्हणजे आदब. आमच्याकडे ती सगळ्यांनाच आहे म्हणा. दारात दोन माणसं एकदम आली की "आधी तुम्ही", "छे छे, आधी तुम्ही" करता करता आतला चहा निवून जातो. पण बरात अलीपुढे भल्याभल्यांनी हात टेकले होते. एकदा मशिदीच्या दारात तो आणि मुल्ला यदुल्ला एकमेकांना वाट देत इतका वेळ उभे राहिले की आत लोक नमाजासाठी ताटकळले. त्याची बायको तूबा फटकळ होती. ती म्हणायची, "मृत्यूचा फरिश्ता न्यायला आला, तरी तुम्ही त्याला दारात उभं करून म्हणाल, आधी तुम्ही!"

या दोघांना लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, कुठकुठले नवस बोलून, एक मुलगी झाली. तिचं नाव शुकूफे. सतराव्या वर्षी तिचे डोळे पिवळे पडले. आधी काएनला कावीळ म्हणाले, मग बीरजंदला आणखी काही म्हणाले, शेवटी मशहदच्या मोठ्या दवाखान्यात खरं काय ते कळलं. पोरीचं शरीर स्वतःच्याच लिव्हरला शत्रू समजून कुरतडत होतं. औषधांनी थोडं रेटता येणार होतं. वाचवायचं, तर नवं लिव्हर बसवायला हवं होतं, निदान घरच्या कुणाच्या लिव्हरचा तुकडा.

तूबाचा रक्तगट जुळेना. काकाला मधुमेह. राहता राहिला बाप.

"गट जुळतो," डॉक्टर अर्जमंद म्हणाले, "पण आगा बरात, तुमच्या लिव्हरमध्ये तर दुंबाच येऊन बसलाय. इतकी चरबी असलेला तुकडा मुलीच्या पोटात तग धरणार नाही. आणि कापताना तुमचंही काही खरं नाही."

"मग हाकलू या दुंब्याला," बरात अली म्हणाला.

"तीन-चार महिने देतो. चरबी उतरली तर पुढच्या तपासण्या करू. तोवर मुलीचं नाव यादीत घालून ठेवतो. कुणी मयत दाता मिळाला तर मिळाला. दोन्ही दारं उघडी असू देत."

गावात बातमी पसरायला काय वेळ लागतो! लिव्हर म्हटलं की आमच्याकडे दोनच नावं निघतात, झरेश्क आणि कासनी. झरेश्क म्हणजे आमची ती बेदाण्याहून लहान, लालभडक, आंबट फळं. शरद ऋतूत इथले डोंगरउतार त्यांच्या काटेरी झुडपांनी लाल होतात, आणि तोडणाऱ्यांचे हातही. कासनी बांधाबांधाला उगवते, निळ्या फुलांची. जो तो कासनीच्या अर्काच्या बाटल्या घेऊन दारात उभा. आठवडाभरात तूबाच्या माजघरात चालायला जागा उरली नाही, आणि एकालाही नको म्हणायची सोय नव्हती.

बीरजंदच्या आहारतज्ज्ञ खानम तवाना त्या बाटल्यांचं ऐकून हसल्याच.

"अहो, हे नुसतं वासाचं पाणी. कासनीचा गुण आहे तिच्या मुळांमध्ये. त्यातला चोथा आपल्याला पचत नाही, पण आतड्यातले चांगले जंतू त्याच्यावरच जगतात. झरेश्काला हा जो लाल रंग आहे ना, तो लिव्हरची जळजळ कमी करतो. पण त्यातला बराचसा तसाच आतड्यात उतरतो, आणि तिथले जंतू पोसलेले असतील तरच अंगी लागतो. म्हणून दोन्ही बरोबर घ्यायचं. झरेश्क तुपात परतून, साखर घालून भातावर टाकायचं नाही हं. ते तुम्हाला आता विसरायचंय."

"म्हणजे जन्मभराची कमाई विसरायची," बरात अली म्हणाला.

"आणि हे टेकू आहेत, आगा. छप्पर नव्हे. संशोधन चांगलं वाटतंय, पण अजून थोडंच आहे. भात कमी, चरबी बंद, रोज डोंगर चढून उतरायचा. हे केलंत तर टेकूचा उपयोग. नाहीतर झरेश्काचं अख्खं शेत खाल्लंत तरी काही होणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून शुकूफेने हे काम आपल्या हातात घेतलं. अंगात त्राण नसायचं, पण सकाळी चुलीपाशी बसून ती कासनीची मुळं तव्यावर भाजायची, कुटायची, झरेश्क ठेचून त्यात कालवायची आणि पेला भरून बापापुढे धरायची. ते इतकं कडू-आंबट असायचं की पहिल्या घोटाला बरात अलीचे डोळे मिटायचे आणि तोंड वाकडं व्हायचं. ती पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलत नसे.

"काय मालक, घराची डागडुजी कुठवर आली?" ती विचारायची.

"चाललंय काम, खानम. एवढी कसली घाई?"

"घाई कसली म्हणजे? भाडेकरू सामान घेऊन रस्त्यावर बसलाय!"

मग दोघंही हसायची. तूबा पाठ फिरवून डोळे पुसायची.

पहिल्या दिवसांत त्या कासनीने बरात अलीच्या पोटात जो काही धुमाकूळ घातला तो विचारू नका. कुणाच्या तरी मयताच्या मजलिसीत, सगळे माना खाली घालून रडत असताना, त्याची आतडी मुल्लांच्या आवाजावर मात करून बोलली. पुढच्या रांगेतले दोघे रडता रडता हसले. बरात अली लाजून लाल झाला, पण दुसऱ्या सकाळी पेला सोडला नाही.

खरी कसोटी चुलीपाशी होती. पोटासाठी धंदा तर करायचाच, आणि चाखायचं मात्र नाही. तो जिभेच्या टोकाला लावून मागे वळून थुंकायचा. आचाऱ्याला याहून मोठी नामुष्की नाही. एका लग्नात मटणाच्या हंड्यात मीठ दोनदा पडलं आणि त्याला कळलंच नाही. पाहुण्यांनी पाण्याच्या घागरी रिकाम्या केल्या आणि हात धुताना एकजात सगळे म्हणाले, "उस्ताद, तुमच्या हाताला तोड नाही." आमच्याकडे खरं तोंडावर सांगायची पद्धतच नाही. घरी आल्यावर तूबाने ते शिळं मटण चाखलं आणि सांगितलं.

हिवाळा उलटता उलटता त्याच्या सदऱ्याचे घेर लोंबायला लागले. गावाबाहेरच्या टेकडीवर त्याची पायवाट पडली. मुलगी तिकडे वाळत होती आणि बाप इकडे. पण बापाच्या वाळण्यात आशा होती, म्हणून घरात त्याचंच कौतुक चालायचं. कमरपट्ट्याला नवं भोक पाडायचं काम शुकूफेकडे असायचं. प्रत्येक भोकाला ती टाळ्या पिटायची.

मशहदला तपासणी झाली तेव्हा डॉक्टर अर्जमंद पडद्याकडे बघतच राहिले. "चरबी जवळजवळ गेली! पुष्कळांना सांगतो मी, ऐकतं कोण? शाबास."

"म्हणजे झालं?"

"अर्धं झालं. आता स्कॅन काढून मापं घ्यायची, शिरा बघायच्या. चरबी असताना त्याला अर्थ नव्हता."

यातलं "अर्धं" बरात अलीने ऐकलंच नाही. त्याने दवाखान्याच्या दारातच मिठाई घेतली आणि रस्त्याने जाणाऱ्यायेणाऱ्यांना वाटली. स्वतः तुकडाही तोंडात घातला नाही. स्कॅन होईपर्यंत मशहदलाच घेतलेल्या खोलीवर येऊन तो शुकूफेला म्हणाला, "भाडेकरूनं सामान बांधायला हरकत नाही." तिने उठून त्याच्या गळ्यात हात टाकले. त्या मिठीत नुसती हाडं होती, पण बरात अलीला त्या दिवशी सगळं जग आपलं वाटलं.

स्कॅन व्हायच्या आधीच, एका दुपारी दवाखान्यातून फोन आला. कुणी तरणा मोटरसायकलवाला अपघातात गेला होता. त्याच्या आईबापांनी अवयव द्यायला होकार दिला होता. शुकूफेला ताबडतोब घेऊन या.

तिथे गेल्यावर कळलं की दोन रोग्यांना बोलावलंय. ऐन वेळी पहिल्याला ताप निघाला, काही बिघडलं, तर लिव्हर वाया जाऊ नये म्हणून दुसऱ्याला तयार ठेवतात. पहिला नंबर शुकूफेचा होता. तूबा तिला घेऊन आत गेली. बरात अली बाहेर बाकावर बसला. त्याच बाकावर दुसऱ्या नंबरवाल्या बाईचा नवरा बसला होता, तुर्बतकडचा, नेमतुल्ला नावाचा. त्याची बायको गुलबख्त व्हीलचेअरवर होती, हळदीत बुडवून काढल्यासारखी. तिच्या चादरीचं टोक धरून दोन लहान पोरी जमिनीवर बसल्या होत्या.

नेमतुल्लाने थर्मासमधला चहा आधी बरात अलीला दिला, पुढे खजूर धरले आणि म्हणाला, "तुमच्या लेकीला लाभो, आगा. आम्ही मनापासून दुआ करतोय."

"तुमचं कसं मग?"

"आमचं अल्ला बघेल. घरात दुसरं कोणी द्यायला नाही. डॉक्टर म्हणाले, हिच्याकडे फार दिवस नाहीत. पण नंबर तुमचा आहे. तुमच्या लेकीच्या डोक्यावर सावली राहो."

तो कुरकुरला असता, रडला असता, भांडला असता, तर बरात अली शांत बसला असता. पण माणूस वाट देत होता. आणि वाट देणाऱ्याला मागे ठेवून आपण पुढे जायचं, हे बरात अलीला उभ्या जन्मात जमलेलं नव्हतं. त्याने त्या दोन पोरींकडे बघितलं. आपल्यापाशी आपलं लिव्हर आहे, घासून पुसून तयार. या बिचाऱ्यांकडे काय आहे?

खरं सांगायचं तर आणखीही एक गोष्ट होती, जी त्याने स्वतःशीही कबूल केली नसती. इतके महिने तो कडू पेला गिळला, तो काय कुणा परक्याचं लिव्हर पोरीच्या पोटात जावं म्हणून? तिला आपणच वाचवायचं, ही त्याची हौस होती. बापाची हौस; तिला काय नाव ठेवणार?

तो उठला आणि समोरच्या खोलीत बसलेल्या नर्सबाईंना म्हणाला, "आमचा नंबर या ताईंना द्या."

बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "आगा, काय बोलताय? तुमच्या सगळ्या तपासण्या झालेल्या नाहीत अजून."

"चरबी गेली म्हणून खुद्द डॉक्टर म्हणालेत. उरलेलं म्हणजे कागदपत्रं."

"कागदपत्रं नाहीत ती. डॉक्टरांशी तरी बोला. मुलीशी बोला."

"मुलगी लहान आहे, खानम. मी तिचा बाप आहे."

डॉक्टर अर्जमंद ऑपरेशनच्या खोलीतून फोनवर आले, चिडले, समजावून थकले. लिव्हर थांबून राहणारं नव्हतं. बरात अली मात्र दर वेळी आणखी नम्र होत गेला, आणि आमच्या माणसाची नम्रता हट्टाला पेटली की तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. त्याने सही केली. बाहेर नेमतुल्ला त्याच्या पायावर पडायला वाकला. बरात अलीने त्याला वरच्या वर धरलं. "लाजवू नका भाऊ, मी काय केलं?"

तूबाला कळलं तेव्हा तिने स्वतःच्या तोंडात मारून घेतली. "वेड लागलं का तुम्हाला? दारातून आत जायचं होतं का हे? पोरीचा जीव होता तो!"

"अगं, माझं आहे ना! पंधरवड्यात होईल सगळं."

शुकूफे तयार करून ठेवलेली होती, केस टोपीखाली बांधलेले. तिने इतकंच विचारलं, "त्या बाईंना मुलं आहेत?"

"दोन पोरी. एवढ्या एवढ्याशा."

"बरं," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. बरात अलीला वाटलं, पोर थकलीय.

स्कॅन झाला त्या सकाळी डॉक्टर अर्जमंदांनी त्याला खुर्चीवर बसायला सांगितलं. तो म्हणाला, "आधी तुम्ही." डॉक्टर बसले आणि त्यांनी स्कॅनचा पडदा त्याच्याकडे वळवला.

"मुलीला पुरेल असा फक्त उजवा भाग आहे," ते म्हणाले. "तुमचा डावा जन्मतःच लहान. चरबीनं फुगलेला होता, म्हणून सोनोग्राफीत कळला नाही. आता चरबी गेली आणि खरं माप दिसलं. उजवा काढला, तर मागे जे उरेल त्यावर तुम्ही जगणार नाही."

"नाही जगलो तर नाही जगलो. घ्या तुम्ही."

"आगा बरात, मी डॉक्टर आहे, खाटीक नाही."

"मग डावा घ्या."

"तो तिला पुरणार नाही. दोघंही जाल."

"मी आणखी पिईन कासनी. सांगाल ते खाईन. माप वाढवता येत नाही का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुमचं लिव्हर आता छान आहे, आगा. इतकं स्वच्छ तुमच्या वयाच्या माणसाचं क्वचित बघायला मिळतं. फक्त ते देता येत नाही."

बरात अली त्या खोलीतून बाहेर आला. चूक काय झाली ते त्याला तिथेच, त्या कॉरिडॉरमध्ये, पुरतं कळलं. रडूही आलं नाही.

यादीत शुकूफेचं नाव होतंच. तिच्या गटाचं, तिच्या मापाचं दुसरं काही आलं नाही. तिला मग दवाखान्यातच ठेवून घेतलं. एका सकाळी ती जरा शुद्धीवर होती, आवाज स्वच्छ होता. बरात अली उशाशी बसून तिच्या ओठांवर ओला कापूस फिरवत होता. त्याने अजून तिला सांगितलं नव्हतं. रोज ठरवायचा आणि रोज राहून जायचं.

"बाबा, तुमचं चालणार नाही ना?" तीच म्हणाली.

त्याने नाही म्हणून मान हलवली. मग इतके दिवस न आलेलं सगळं रडू एकदम आलं. "मी सगळं दिलं असतं, पोरी. अख्खं काढून दिलं असतं."

"माहीत आहे." तिने त्याच्या मनगटावर बोटं ठेवली. "त्या बाई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. घरी गेल्या."

"पोरी?"

"पोरी खूश आहेत. त्यांचा बाप फोन करतो अधूनमधून. तुझी चौकशी करतो."

तिने खिडकीकडे तोंड केलं.

"मी कदाचित हो म्हटलंही असतं, बाबा. खरंच. त्या पोरी मीही बघितल्या होत्या आत जाताना, फक्त कुणाच्या ते ठाऊक नव्हतं." तिला दम लागला. "पण मला विचारायचं तरी होतं."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरात अलीने पाय धरले असते, माफी मागितली असती. ती फक्त सांगत होती. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, आणि चारच दिवसांनी ती गेली. तूबाने त्या दिवसापासून नवऱ्याशी एक अक्षर बोलणं सोडलं. जेवण वाढायची, कपडे धुवायची, पण बोलायची नाही.

सातव्या दिवसाच्या मजलिसीला मशीद भरून लोक बाहेर उभे होते. तुर्बतहून नेमतुल्ला आला होता. गुलबख्त बायकांच्या बाजूला, पडद्यापलीकडे बसली होती, चेहऱ्यावर रंग आलेला. मुल्ला यदुल्लांनी शुकूफेच्या वयाबद्दल सांगितलं, तिच्या सोसण्याबद्दल सांगितलं, आणि मग त्यांचा आवाज चढला.

"आणि हा बाप बघा, बंधूंनो! ज्यानं पोटच्या मुलीचा नंबर एका परक्या आईला दिला. आपल्यापैकी कुणाची आहे इतकी छाती? किती मोठं दान!"

मशिदीत हुंदके उठले. आणि ज्याने जन्मात कुणाचं बोलणं तोडलं नव्हतं, तो बरात अली उभा राहिला.

"आगा, ते दान माझं नव्हतं," तो म्हणाला. "नंबर तिचा होता. मी तिला विचारलं नाही. मी तिला मारलं."

मग कुणीतरी पुटपुटलं, "सुब्हानल्ला, काय हा विनय!" दुसऱ्याने मान डोलावली. मुल्ला यदुल्लांनी डोळ्यांना रुमाल लावला. "ऐकलंत? एवढं करूनही हा माणूस श्रेय घेत नाही."

"विनय नाही हो!" बरात अली ओरडला. "मी खरं बोलतोय. खरंच बोलतोय मी!"

आजूबाजूच्या लोकांनी त्याला खांदे धरून हळूच खाली बसवलं. नेमतुल्लाने रडत रडत त्याच्या हाताचं चुंबन घेतलं. कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी चहाचा पेला पुढे केला, आणि सगळे हलक्या आवाजात म्हणत राहिले की असा माणूस आता होणे नाही. त्या सबंध मजलिसीत त्याचा शब्द न् शब्द खरा मानणारी एकच बाई पडद्यापलीकडे बसली होती, आणि ती त्याच्याशी बोलत नव्हती.